कुणाला सांगायचं, कुणाला नाही

क्युपर्टिनोतच काय, कॅलिफोर्नियात कुठेही मोठं बांधकाम काढायचं म्हटलं की परवानग्यांच्या जाडजूड फाइलीत एक छोटी चौकशी असते. ती जाते ‘नेटिव्ह अमेरिकन हेरिटेज कमिशन’कडे. १९७६ साली स्थापन झालेल्या या सरकारी आयोगाकडे एक नोंदवही आहे. तिचं नाव ‘सेक्रेड लँड्स फाइल’. पूर्वजांची दफनभूमी कुठे आहे, विधी कुठे होत, कुठली टेकडी आणि कुठला झरा पवित्र, याच्या नोंदी राज्यभरातल्या आदिवासी जमातींनी तिच्यात करून ठेवल्या आहेत. बांधकाम करणारा आपल्या जागेचा नकाशा पाठवतो आणि विचारतो, इथे काही आहे का? उत्तर येतं ते ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच. काय आहे, नेमकं कुठे आहे, किती जुनं आहे, यातलं काही कळत नाही. सोबत एक यादी येते, त्या भागाशी नातं असलेल्या जमातींची आणि त्यांच्या प्रतिनिधींची. पुढचं त्यांना विचारायचं.

अॅपलच्या क्युपर्टिनो गावातल्या माणसांनी जगाला खिशात मावणारं, विचारताक्षणी उत्तर देणारं यंत्र दिलं. त्याच गावाच्या जमिनीबद्दलचा सगळ्यांत जुना प्रश्न मात्र यंत्राला विचारून सुटत नाही. माणसाला विचारावा लागतो, आणि त्या माणसाला ‘सांगणार नाही’ म्हणायचा हक्क आहे. तो हक्क कुठून आला, तो किती अपुरा आहे आणि आपल्या गडचिरोली-पालघरशी त्याचा काय संबंध, हे मला या लेखात मांडायचं आहे.

क्युपर्टिनो मराठी घरांना आता परकं राहिलेलं नाही. साठ हजारांच्या आसपास वस्ती, त्यात आशियाई लोक बहुसंख्य. मेमोरियल पार्कात दिवाळीचा मेळा भरतो. रस्त्याचं नाव डी अँझा बुलेव्हार्ड, कॉलेजचं नाव डी अँझा कॉलेज. ही नावं ज्याची, तो हुआन बाउतिस्ता दे आन्सा हा स्पॅनिश सेनानी मार्च १७७६ मध्ये एक छोटी तुकडी घेऊन इथून गेला. त्याच्यासोबतच्या पेद्रो फोंत या पाद्र्यानं वाटेतल्या ओढ्याला इटलीतल्या एका संताचं नाव दिलं, ‘सान होसे दे कुपेर्तिनो’. शहराचं नाव त्यावरूनच आलं. ओढ्याला त्याआधीही नाव असणार, कारण काठावर माणसं राहत होती. तामिएन बोलणारे हे लोक आज ज्यांना एकत्रितपणे ओलोनी म्हणतात त्यांच्यापैकी. सांता क्लाराच्या या खोऱ्यात त्यांचं नाव ठळकपणे दिसतं ते सॅन होजेच्या तामिएन रेल्वे स्थानकावर. स्थानकासाठी खोदताना त्यांच्या पूर्वजांची दफनं सापडली, म्हणून ते नाव.

आन्सा येऊन गेल्यावर वर्षाच्या आत, जानेवारी १७७७ मध्ये, सांता क्लाराचं मिशन उभं राहिलं. बाप्तिस्मा झालेल्याला मिशन सोडून जायची मुभा नव्हती. गोवर, देवी आणि उपासमारीनं माणसं मेली, भाषा मारून टाकल्या गेल्या. मग मेक्सिकोची राजवट, मग १८५० मध्ये अमेरिकेचं राज्य. पुढच्याच वर्षी पहिले गव्हर्नर पीटर बर्नेट यांनी विधिमंडळासमोर सांगितलं की ‘इंडियन’ वंश नामशेष होईपर्यंत हे युद्ध चालूच राहील. जून २०१९ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी राज्याच्या वतीनं माफी मागताना त्याला वंशसंहार हाच शब्द वापरला.

बंदुकीनं जे पुरतं साधलं नाही ते एका ग्रंथानं साधलं. आल्फ्रेड क्रोबर हे बर्कलीचे मोठे मानववंशशास्त्रज्ञ. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या आदिवासींवरच्या त्यांच्या महाग्रंथात, ज्यांना तेव्हा ‘कोस्टानोअन’ म्हणत त्या ओलोनींविषयी निर्वाळा होता, की व्यवहारात हा समूह संपला आहे. त्या वेळी प्लेझंटनजवळच्या वस्तीत ओलोनी कुटुंबं राहत होती, भाषा बोलत होती. १९२७ मध्ये सॅक्रामेंटोच्या सरकारी अधिकाऱ्यानं या ‘व्हेरोना बँड’ला जमीन देण्याची गरज नाही असं ठरवलं आणि संघराज्याच्या यादीतून ते बाहेर पडले. त्यांचे वंशज म्हणजे आजची मुवेकमा ओलोनी जमात. २००२ मध्ये केंद्रीय कार्यालयानं त्यांचा मान्यतेचा अर्ज फेटाळला. २०२४ मध्ये त्यांच्यातली काही माणसं घोड्यांवर बसून सॅन फ्रान्सिस्कोहून वॉशिंग्टनला निघाली, आम्ही आहोत हे सांगायला.

विद्वानानं एकदा ‘संपले’ असं लिहिलं की त्यांची भांडी, टोपल्या, हाडं, गाणी, औषधं ही सगळी बेवारस मालमत्ता ठरते. आणि बेवारस मालमत्तेला मालकाची परवानगी लागत नाही. बर्कली विद्यापीठाच्या कपाटांत नऊ हजारांहून अधिक आदिवासींचे अवशेष साठले, ते या हिशेबानंच.

या कथेतला मला सगळ्यांत विलक्षण वाटणारा भाग क्युपर्टिनोच्या दक्षिणेला, गिलरॉय गावात घडतो. आसेन्सिओन सोलोर्सानो दे सर्व्हांतेस ही ओलोनींपैकीच मुत्सुन समूहातली बाई तिथे वैदू म्हणून ओळखली जायची. गरीब, आजारी, कुणीही तिच्या दारात यावं. ती ठेवून घ्यायची, झाडपाल्याचं औषध द्यायची. मुत्सुन भाषा अस्खलित बोलणारी ती शेवटची व्यक्ती. १९२९ मध्ये ती मॉन्टेरीत लेकीकडे अंथरुणाला खिळलेली असताना जॉन पीबॉडी हॅरिंग्टन नावाचा भाषाशास्त्रज्ञ तिच्याजवळ वही घेऊन बसला. तिनं त्याला शब्द सांगितले, वनस्पती सांगितल्या, कुठला पाला कशावर, कसा कुटायचा, कसा उकळायचा ते सांगितलं. रीती सांगितल्या, जागा सांगितल्या. जानेवारी १९३० मध्ये ती गेली.

हॅरिंग्टन हा झपाटलेला माणूस होता. स्मिथसोनियनच्या नोकरीत त्यानं आयुष्यभर पश्चिमेकडच्या मरणपंथाला लागलेल्या भाषा टिपल्या. त्याच्या टिपणांची पानं दहा लाखांच्या घरात जातात. पण ती तो कुणाला दाखवत नसे. सहकारी आपलं काम पळवतील ही धास्ती त्याच्या मनात इतकी होती, की खोक्यांमागून खोकी त्यानं कुठल्याकुठल्या कोठारांत लपवून ठेवली. १९६१ मध्ये तो वारल्यावर ती एकेक करून सापडत गेली. म्हणजे बाईनं विश्वासानं दिलेलं ज्ञान तिच्या नातवंडांपासून पहिल्यांदा दूर राहिलं ते एका संशोधकाच्या कुलपामुळे. आणि नंतर कुलूप उघडलं ते एकदम सगळ्या जगासाठी. मायक्रोफिल्म झाली, मग ती टिपणं संगणकावर आली. आज ती कुणीही, कुठूनही वाचू शकतो. हॅरिंग्टन सरकारी नोकर, आणि अमेरिकी कायद्यानुसार संघराज्याच्या नोकरानं कामाचा भाग म्हणून लिहिलेल्यावर स्वामित्वहक्क लागू होत नाही. लिहिणाऱ्याचा हक्क नाही म्हणून ते सर्वांचं झालं. सांगणारीचा हक्क कायद्याला ठाऊकच नव्हता.

त्याच पानांवरून आज भाषा परत येते आहे, हेही तितकंच खरं. १९९० च्या दशकात लीअॅन हिंटन यांनी बर्कलीत ‘ब्रेथ ऑफ लाइफ’ नावाचं शिबिर सुरू केलं. ज्यांची भाषा बोलणारं कुणी उरलेलं नाही अशा जमातींची माणसं तिथे येतात, भाषाशास्त्रज्ञासोबत अभिलेखागारात बसतात आणि आपल्याच पणजीचे शब्द शोधून काढतात. किरिना गिअरी यांनी नताशा वॉर्नर आणि लिनिका बटलर यांच्यासोबत मुत्सुनचा शब्दकोश तयार केला. तो २०१६ मध्ये हवाई विद्यापीठाकडून प्रसिद्ध झाला आणि सर्वांना मोफत खुला आहे. याच गिअरी पुढे तामिएन नेशनच्या अध्यक्ष झाल्या. व्हिन्सेंट मेदिना आणि लुई त्रेविन्यो यांनी २०१८ मध्ये बर्कलीत ‘कॅफे ओलोनी’ काढला. आज्यांच्या पिढीनं सांगितलेल्या जिनसा त्यांनी त्याच टिपणांत शोधल्या आणि पानात वाढल्या.

मग तक्रार कशाची, असं कुणी विचारेल. शब्द वंशजांनी आपण होऊन खुले केले. जेवण त्यांनी आपण होऊन वाढलं. पण मरणाच्या दारात असलेल्या वैदू बाईचं औषधज्ञान आणि विधींचं वर्णन जगाला खुलं करायचं की नाही, हे त्यांना कुणी विचारलंच नाही. २००६ साली आदिवासी आणि बिगर-आदिवासी अभिलेखपालांनी मिळून एक संहिता तयार केली. ज्या जमातीची सामग्री तुमच्याकडे आहे तिला शोधा, विचारा, आणि ती म्हणेल ते बंद ठेवा, असा तिचा आशय होता. अमेरिकेतल्या अभिलेखपालांच्या मुख्य संघटनेला तिला पाठिंबा द्यायला २०१८ साल उजाडलं. ज्ञान सर्वांना खुलं ठेवणं हाच ज्यांचा धर्म, त्यांना हे गिळायला बारा वर्षं लागली.

सांता क्लारा खोऱ्यातून दक्षिणेला पाहिलं की डोंगररांगेवर एक करडा चौकोनी ठोकळा दिसतो. तो उमुनहम शिखरावरचा जुना रडार-मनोरा. शीतयुद्धाच्या काळात तिथे हवाई दलाचा तळ होता. मुत्सुनांचे आजचे वंशज म्हणजे अमाह मुत्सुन. त्यांची जगाच्या उत्पत्तीची कथा या शिखराशी जोडलेली आहे. तिच्यात हमिंगबर्ड हा चिमुकला पक्षी येतो. २०१७ मध्ये शिखर लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा जमातीला तिथे विधींसाठी आवार मिळालं आणि ती कथा जमातीनं आपल्या तोंडानं लोकांना सांगितली. सांगायची ती गोष्ट मोकळेपणानं सांगितली. आवारात काय होतं, ते त्यांचं त्यांच्यापाशी.

दरवेळी इतकं सुरळीत होत नाही. गिलरॉयच्या दक्षिणेला युरिस्ताक नावाचा टेकड्यांचा प्रदेश आहे. अमाह मुत्सुनांची ती विधींची आणि आरोग्य मागण्याची जागा. तिथे वाळू-खडीची खाण काढायचा प्रस्ताव आला. विरोध करायचा तर ही जागा पवित्र का, हे अधिकाऱ्यांना पटवून द्यायला हवं. पटवून द्यायचं तर तिथे काय होत असे ते सांगायला हवं. आणि जे काही सांगू ते सरकारी अहवालात छापलं जाणार! जमातीनं मोजून मापून सांगितलं, मोर्चे काढले, हजारो लोकांना सोबत घेतलं. २०२४ पासून ‘पेनिन्सुला ओपन स्पेस ट्रस्ट’ या संस्थेनं त्या मालमत्तेचे मोठे भाग विकत घ्यायला सुरुवात केली. पण तो पेच मला विसरता येत नाही: वाचवायचं असेल तर उघड करा, आणि उघड केलं की ज्याला वाचवायचं त्यातलंच काही हातचं जातं.

याच पेचावर कॅलिफोर्नियानं एक कायदा केला. २०१४ साली मंजूर झालेल्या आणि जुलै २०१५ पासून लागू असलेल्या ‘एबी ५२’नुसार, पर्यावरण-परिणाम तपासायचा असेल तर जमातीशी आधी बोलावं लागतं. त्या बोलण्यात जमातीनं दिलेली माहिती तिच्या संमतीशिवाय जाहीर अहवालात घालता येत नाही. ती वेगळ्या गोपनीय पुरवणीत राहते. यात संघराज्याची मान्यता नसलेल्या जमातीही धरल्या आहेत, म्हणून मुवेकमा, तामिएन, अमाह मुत्सुन यांना तो उपयोगी पडतो. उलट १९९० च्या केंद्रीय कायद्यात संग्रहालयाकडून पूर्वजांचे अवशेष स्वतः मागण्याचा हक्क मान्यताप्राप्त जमातीलाच आहे. जानेवारी २०२४ पासून त्याचे नियम कडक झाले. प्रदर्शन किंवा संशोधन करण्याआधी जमातीची पूर्वसंमती घ्यावी लागते. देशभर संग्रहालयांनी कपाटं झाकली. पण ज्यांना १९२७ मध्ये एका कारकुनी निर्णयानं यादीबाहेर ठेवलं, त्यांना इथे कुणाच्या तरी मागे उभं राहूनच बोलावं लागतं. क्युपर्टिनोची जमीन आपल्या पूर्वजांची असं मुवेकमाही म्हणतात आणि तामिएन नेशनही. दोघांत कुणाला विचारायचं, हा प्रश्न बाहेरच्यांना सोयीचा वाटतो, कारण त्या निमित्तानं कुणालाच न विचारता पुढे जाता येतं.

आता एक अडचण मांडायलाच हवी. ती आपली, मराठी माणसाची आहे.

‘हे ज्ञान सगळ्यांसाठी नाही’ हे वाक्य ऐकलं की माझ्या कानाला ते बोचतं. आपली सगळी चांगली परंपरा त्या वाक्याविरुद्ध उभी आहे. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीता संस्कृतच्या बंदिस्त वाड्यातून बाहेर काढली. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींसाठी शाळा उघडली. ज्ञान कोंडून ठेवणं म्हणजे माणसाला कोंडून ठेवणं, हे महाराष्ट्र किंमत मोजून शिकला आहे. मग ओलोनी आजीनं म्हणावं की हे तुला सांगणार नाही, आणि मी त्याला मान द्यावा, हे कसं?

बराच काळ हा प्रश्न मनात राहिला. एकलव्याची गोष्ट आठवली तेव्हा थोडं उलगडलं. त्या गोष्टीत निषादाच्या पोराला विद्या नाकारणारा राजवाड्यातला आहे, आणि अंगठा जातो तो पोराचा. दार कुणी लावलंय आणि कुणाच्या तोंडावर, हे पाहिल्याशिवाय बंद दाराबद्दल काही बोलता येत नाही. वेद ज्यांनी बंद ठेवले त्यांच्या हातात गाव होतं, जमीन होती, देऊळ होतं; नाकारलेल्याला त्यातलं काहीच नव्हतं. मुत्सुनांकडून जमीन, भाषा, मुलं, पूर्वजांची हाडंसुद्धा नेली गेली. त्यांनी एखादा पाला कुठे उगवतो ते सांगितलं नाही म्हणून क्युपर्टिनोतल्या कुणाचं पोट उपाशी राहत नाही, कुणाची माणुसकी हिरावली जात नाही. त्यांना मात्र त्या पाल्यावर कुणीतरी पेटंट घेण्याची, त्या जागी सहलींच्या गाड्या जाऊन माती तुडवली जाण्याची भीती खरी आहे. आणि आदिवासी समाजांत न सांगण्याला सहसा एक जबाबदारी जोडलेली असते: घेणाऱ्यानं ते कसं वापरायचं, बदल्यात काय जपायचं, हे शिकल्यावर द्यायचं. समाजाच्या आतही हे ज्ञान कुणाला मिळतं, बाईला मिळतं का, धाकट्याला मिळतं का, हे प्रश्न उरतातच. पण ते त्यांनी आपापसांत भांडून सोडवायचे. बाहेरच्यानं त्याचं निमित्त करून आत शिरू नये.

आपल्याकडे या विषयातली सगळ्यांत गाजलेली लढाई हळदीची. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघा संशोधकांना जखमेवर हळद लावण्यासाठी पेटंट मिळालं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, म्हणजे सीएसआयआरनं, त्याला आव्हान दिलं. प्रमुख होते रघुनाथ माशेलकर, जन्मानं गोव्यातल्या माशेलचे. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं आणि आपण पेढे वाटले. त्या विजयात एक बारीक गोष्ट दडलेली आहे. घरोघरच्या आज्यांची साक्ष तिथे चालली नसती. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याला परदेशातलं ज्ञान दिसायचं ते छापील असेल तरच. सीएसआयआरनं जुने ग्रंथ, १९५३ चा एक वैद्यकीय शोधनिबंध असे ३२ संदर्भ दिले, म्हणून आपण जिंकलो. त्यातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहू लागलं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतले योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी या भाषांत मांडायचे आणि पेटंट कार्यालयांना तपासायला द्यायचे, तेही गोपनीयतेचा करार करून.

ग्रंथ असलेल्यांसाठी ही ढाल उत्तम आहे. पण ज्याचं ज्ञान फक्त तोंडी आहे, त्या माडिया किंवा कोरकू वैदूनं काय करायचं? लिहून ठेवावं तर ते सगळ्यांचं होतं, न लिहावं तर पुरावा नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितलं. माधव गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना मांडली, तेव्हा गावानं स्वतःच्या ज्ञानाचा स्वतःसाठी केलेला अभ्यास हा तिचा गाभा होता. प्रत्यक्षात राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि देशभरात नोंदवह्यांचा पूर आला. त्यांची संख्या अडीच लाखांच्या पुढे गेली. मुदत गाठायला भरलेल्या वहीत गाव किती असणार? त्यात २०२३ च्या दुरुस्तीनं ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाचा वापर आणि आयुष वैद्य यांना लाभवाटपातून सूट दिली. जंगलात राहणाऱ्याकडून शिकलेलं कुठे संपतं आणि ग्रंथातलं कुठे सुरू होतं, ही रेघ ओढणार कोण? ओढायला बसतील ती माणसं जंगलातली नसतील, ही माझी चिंता आहे.

केरळच्या अगस्त्य डोंगरातल्या काणी लोकांचं उदाहरण जगभर दिलं जातं. १९८७ मध्ये शास्त्रज्ञांसोबत वाट दाखवायला गेलेल्या काणी तरुणांनी थकवा घालवणारं एक फळ दाखवलं. त्यातून ‘जीवनी’ हे औषध झालं, १९९७ मध्ये काणींचा विश्वस्त निधी स्थापन झाला आणि परवाना-शुल्कातला निम्मा वाटा त्यांना मिळाला. न्याय्य वाटणीचा नमुना म्हणून हे सांगितलं जातं, आणि ते खोटं नाही. पण जमातीतल्या वैद्यांपैकी काहींनी विरोध केला होता: हे ज्ञान आमच्याकडे सोपवलेलं, ते खासगी कंपनीला द्यायचं कुणी ठरवलं? पैशाची वाटणी संमतीनंतरची गोष्ट. संमती मात्र सगळ्यांची होती असं म्हणता येत नाही.

म्हणून मला गडचिरोलीतलं मेंढा-लेखा फार मोलाचं वाटतं. धानोरा तालुक्यातलं हे गोंड गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा आपल्याला पाठ आहे. पण घोषणेइतकीच मोठी गोष्ट म्हणजे तिथले अभ्यासगट. बाहेरचा अभ्यासू आला तर ग्रामसभेपुढे बसतो. गावकरी त्याच्यासोबत शिकतात, त्याचं ऐकतात, त्याला सांगतात, आणि निर्णय सर्वसहमतीनं होतो. माशा न मारता मध कसा काढायचा यासारखे प्रश्न त्यांनी असेच हाताळले. तिथे ज्ञान बंद नाही. ते कुणाशी, कशासाठी आणि कुणाच्या समोर वाटायचं, हे गाव ठरवतं. त्याला कायद्याचा आधारही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(१)(ट), इंग्रजी प्रतीत ‘के’, जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मानतं. जमिनीच्या पट्ट्यांवर आपल्याकडे इतकी चर्चा झाली, पण या कलमाकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही.

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी घरांच्या भिंतीवर वारली चित्र हमखास असतं. मलाही ती चित्रं आवडतात. लग्नाच्या वेळी सुवासिनींनी घरात लिहायचा चौक, त्यात पालघट देवी, सोबत लग्न लावणाऱ्या धवलेरीचं गाणं. त्या विधीतून १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांच्या हातानं ही कला कागदावर आली आणि जगभर गेली. २०१४ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यानं ‘वारली’ या नावाचा व्यापारी वापर आवरता येतो. पण नाव न लिहिता उशीच्या अभ्र्यावर तीच माणसं नाचवली तर हा कायदा फारसं काही करू शकत नाही. आणि चौकातलं काय कागदावर यावं, काय भिंतीवरच राहावं, हे सांगायची जागा त्यात नाहीच. विकत घेताना कुणी रेखाटलंय एवढं तरी आपण विचारू शकतो.

क्युपर्टिनोतून एक चांगलं उदाहरणही निघालेलं आहे. सेक्वोया या चेरोकी माणसानं १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठी लिपी घडवली. चेरोकी नेशनच्या पाठपुराव्यानंतर २०१० मध्ये अॅपलनं ती आयफोनवर आणली आणि शाळेतली पोरं आपल्या लिपीत निरोप पाठवू लागली. त्याच लिपीत चेरोकी वैद्यांनी औषधांचे आणि मंत्रांचे गुटके लिहून ठेवले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते संशोधकांनी विकत घेतले, छापले. तिकडे आज उलट पाऊल पडतं आहे. फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीनं २०१४ मध्ये नियम केले, की संवेदनशील आदिवासी सामग्रीची नक्कल संबंधित जमातीला विचारल्याशिवाय द्यायची नाही. एकाच लिपीतलं पत्र जगाला खुलं आणि गुटका राखलेला, यात चेरोकींना काही विसंगत वाटत नाही. मलाही वाटत नाही.

पुढची ओढाताण आवाजाची आहे. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला ‘ते हिकू मीडिया’ हे माओरी लोकांचं रेडिओ केंद्र आहे. २०१८ मध्ये त्यांनी आपल्या लोकांना माओरी वाक्यं वाचून ध्वनिमुद्रित करायचं आवाहन केलं. दहा दिवसांत अडीच हजार लोकांनी ३१० तास आवाज दिला. त्यावर त्यांनी माओरी समजणारी यंत्रणा स्वतः बांधली. परदेशी कंपन्यांनी तो साठा मागितला. त्यांनी दिला नाही. आमच्या आज्यांनी मार खाऊन टिकवलेली भाषा आम्हालाच परत विकली जाऊ नये, ही त्यांची भूमिका. त्यांनी स्वतःचा परवाना तयार केला, त्यात मालकीऐवजी राखणदारी आहे. नंतर २०२२ मध्ये क्युपर्टिनोपासून तासाभरावरच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या ओपनएआयनं इंटरनेटवरच्या ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकवलेलं ‘व्हिस्पर’ जाहीर केलं. त्यात माओरी होती, हवाईयन होती. कुणाचे आवाज, कुणी संमती दिली, हे ‘ते हिकू’नं जाहीरपणे विचारलं.

आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयानं ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं ॲप आणलं. सुरुवातीच्या भाषांत संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी आहेत. गोंडी बोलणाऱ्या बाईला तालुक्याच्या दवाखान्यात आपलं दुखणं तिच्या भाषेत सांगता आलं तर ते मोठंच काम होईल, आणि ते व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण त्यासाठी गोळा होणाऱ्या आवाजांत नुसती वाक्यं येणार नाहीत. वैदूची औषधांची कृती येईल, पेरणीआधीची गाणी येतील, पेन या गोंडी देवाच्या पूजेतले शब्द येतील. ध्वनिमुद्रक घेऊन जाणाऱ्यानं आधी कुठल्या ग्रामसभेत बसायचं, तिनं ‘एवढं घ्या, हे नको’ म्हटलं तर ते कुठे नोंदवायचं, आणि पुढे कुणी तो साठा मागितला तर कुणाची सही लागेल, हे मंत्रालयानं आत्ताच, साठा लहान आहे तोवर, कलम ३(१)(ट) समोर ठेवून लिहून काढायला हवं. ते लिहिताना मेंढा-लेखाच्या माणसांना बोलवावं. त्यांना या कामाचा सरावही आहे.